वळणावरचा फलक

१

वळणावरचा मोठा फलक कोणीतरी फाडला, ही बातमी सकाळी पालिकेत येऊन धडकली आणि आम्हा सगळ्यांना मनातून गुदगुल्या झाल्या. उगाच लपवण्यात अर्थ नाही. वरवर सगळ्यांनी 'अरेरे' केलं, पण लेखापालाने स्वतःच्या खिशातून चहा मागवला, यावरून काय ते ओळखा.

तो फलक राज्याचा होता. त्याआधी गावात फलक म्हटला की पालिकाच. न्हाव्याच्या पाटीपासून सिनेमाच्या जाहिरातीपर्यंत कोणाला परवानगी द्यायची आणि कोणाला हेलपाटे घालायला लावायचे, हे आम्ही ठरवत होतो. मग राज्याने नवा कायदा केला. राज्यमार्गाच्या कडेच्या फलकांना परवाना राज्यच देणार, पालिकेने मध्ये पडायचं नाही. आमच्या गावात धड रस्ता एकच, आणि तो राज्याचा. म्हणजे साय त्यांनी काढून घेतली आणि आमच्याकडे राहिल्या गल्लीबोळातल्या दवाखान्यांच्या पाट्या. आम्ही कोर्टात गेलो. तारखा पडत राहिल्या. तेवढ्यात राज्याने आपला पहिला फलक उभा केला, तोही नेमका त्या वळणावर, जिथे अपघात होतात म्हणून आम्ही कोणालाच परवानगी देत नव्हतो.

त्याच दिवशी फलकाखाली राज्याचा समारंभ व्हायचा होता. कापड फाटल्यामुळे तो पुढे ढकलला.

चहा संपायच्या आत राज्याकडून फोन आला. दोन्हीकडचा एकेक अधिकारी मिळून चौकशी करील. हात पालिकेच्या माणसाचा निघाला, तर गल्लीबोळातल्या पाट्यासुद्धा राज्य ताब्यात घेईल. सगळ्यांचे चेहरे पडले, माझा सोडून. कारण मुख्याधिकाऱ्यांनी चौकशीसाठी मला निवडलं. मी विधी विभागाचा अधीक्षक. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चौकशा टंकून घेण्यात गेली, एकदा तरी आपली म्हणावी अशी चौकशी हवी होती.

हा आनंद राज्याची गाडी दारात येईपर्यंत टिकला. गाडीला पडदे होते. आमच्या साहेबांच्या गाडीलाही पडदे नाहीत. आतून एक बाई उतरल्या, माझ्यापेक्षा चांगल्या दहा वर्षांनी लहान. शिपाई न सांगता उठून उभा राहिला. माझ्यासाठी तो खोकतसुद्धा नाही.

"तुमचा कोणावर संशय?" चौकशीबाईंनी मला विचारलं.

मी घसा साफ करतोय तेवढ्यात शिपाईच बोलला. "त्यात काय विचारायचं, मॅडम? आमचे फलकनिरीक्षक, दादा. हा फलक मी उभा राहू देणार नाही, असं या इथे उभं राहून सांगितलंय त्यांनी."

२

दादांना पालिकेत सगळेच दादा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. गावातला एकेक फलक त्यांनी हाताने मोजलेला. ते माझे मित्र. त्यामुळे वळणावर जाताना मला शिपायाचा राग येत होता. गाडीत गारवा होता, त्याचाही मला राग आला.

फलक दुमजली घराएवढा. जाहिरात चष्म्याची, एका मोठ्या शहरी दुकानाची. एक सुंदर मुलगी चष्मा लावून हसते आहे आणि भोवती मोकळं निळं आकाश. कापड चार-पाच ठिकाणी कापलेलं होतं. कापलेले तुकडे मात्र पडले नव्हते, वरच्या बाजूने चिकटून होते आणि वारा आला की हलत होते.

"मुलीच्या चेहऱ्याला धक्का नाही," बाई म्हणाल्या.

"सुंदर आहे. हात धजावला नसेल," मी म्हणालो.

"अक्षरांनाही नाही. नुसतं आकाश कापलंय."

मी मान डोलावली. आकाशात मला काही दिसलं नाही.

बाई खाली वाकल्या. फलकाचे पाय सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी बसवले होते आणि प्रत्येक बोल्टवर प्लास्टिकची पिवळी टोपी होती. ही राज्याची नवी ऐट. बाईंनी एक टोपी उचलली, आत पाहिलं, परत ठेवली. मग दुसरी.

"नटांना ऊन लागू नये म्हणून घातल्या असतील," मी टोमणा मारला. त्या हसल्या नाहीत.

फलकाच्या मागेच एक चष्म्याचं दुकान आहे. मालक दारातच उभा होता. माझा चष्मा त्याच्याकडचाच.

"कोणी केलं ते माहीत नाही, पण केलं त्याचं भलं होवो," तो म्हणाला. "माझ्याच दुकानावर, माझंच तोंड झाकून, दुसऱ्याच्या चष्म्याची जाहिरात! गिऱ्हाइकं आत येऊन विचारतात, ती पोरगी घालते तसला चष्मा आहे का. बायकोसुद्धा म्हणाली, बघा, त्यांच्या काड्या किती नाजूक."

"म्हणून कापलंत?"

"मी कापलं असतं ना, तर आधी त्या पोरीचा चष्मा कापला असता," तो दात-ओठ खात म्हणाला. त्यावर माझा विश्वास बसला.

परत फिरताना बाईंच्या बुटाला गवतात काहीतरी लागलं. आकडीसारख्या पात्याची सुरी. तिच्या मुठीवर आमच्याच पालिकेच्या भांडाराचा शिक्का होता.

३

"ही माझी नाही. माझी ही काय!" चढ्याने कमरेची सुरी काढून दाखवली. तसलंच पातं, तसलाच शिक्का.

चढ्या म्हणजे फलकांवर चढून कापड ताणणारा आमचा कंत्राटी माणूस. शिडी नसली तरी चालतं त्याला. राज्याने मात्र स्वतःची माणसं आणली होती आणि त्यांच्यासोबत एक पाळणावालं यंत्र.

"बटण दाबतात आणि वर जातात," चढ्या म्हणाला. "बसल्या बसल्या! वर जाऊन डबा खातात, मॅडम, मी पाह्यलंय. आणि लोक खाली उभे राहून त्यांच्याकडे बघतात. माझ्याकडे कधी कोणी बघितलं नाही."

"मग राग आला असेल."

"आला की! जळून खाक झालो. पण कापड फाडून मला काय मिळणार? नवीन लावायलाही तेच येणार, यंत्र घेऊन." हे बोलताना त्याचा आवाज खरोखर रडवेला झाला.

"पालिकेने अशा सुऱ्या कोणाकोणाला दिल्या?"

चढ्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"मला आणि दादांना," तो शेवटी म्हणाला.

उठता उठता बाईंनी विचारलं, "त्या सांगाड्याचा एखादा नट सैल झाला, तर तुम्ही बसवून द्याल का?"

"कुठून बसवू? सगळा माल राज्याच्या भांडारातून आलाय. त्या मापाचा नट या गावात शोधून मिळायचा नाही."

हा काय प्रश्न झाला! माणूस कापडाची चौकशी करतोय आणि ही बाई लोखंड विचारते. मला बरं वाटलं. मोठी हुशार म्हणून पाठवलेल्या बाईचं गाडं चुकीच्या रस्त्याला लागलंय, असं मी समजलो.

"आता तुमच्या मित्राकडे," त्या म्हणाल्या. "आणि त्यांच्या बहिणीलाही तिथेच बोलावलंय."

"बहिणीचा काय संबंध?"

"वळणावरच्या फलकाचा परवाना कोणाच्या सहीने निघालाय, ठाऊक नाही तुम्हाला?"

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. फक्त दादांसमोर ते कोणी बोलत नसे.

४

आई-वडील लवकर गेले, त्यामुळे धाकट्या बहिणीला दादांनीच वाढवलं. शाळा सुटली की ती त्यांच्या स्कूटरवर मागे बसून फलक मोजायला जायची. टेपचं एक टोक दादांच्या हातात, दुसरं धाकटीच्या. "ताणून धर गं, ढिली नको," हा दादांचा आवाज आम्ही कितीतरी वर्षं रस्त्याने ऐकला. मग ती राज्याच्या परीक्षेला बसली, पास झाली, आणि कायदा बदलल्यावर फलक नियंत्रण अधिकारी होऊन आपल्याच गावात आली. दादांच्या अखत्यारीतला अख्खा राज्यमार्ग तिच्याकडे गेला. ताबा घ्यायला ती दादांच्याच टेबलासमोर येऊन बसली, आणि शिपायादेखत त्यांना 'निरीक्षक साहेब' म्हणाली.

दादा त्या दिवशी जेवले नाहीत. डबा मी खाल्ला.

चौकशीच्या खोलीत दादा ताठ बसले होते. डोळे तारवटलेले.

"सुरी माझी आहे," बाईंनी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "हरवली होती."

"फलक उभा राहू देणार नाही, असं म्हणाला होतात?"

"म्हणालो होतो. त्या वळणावर माणसं मेलीत. आम्ही ते वळण मोकळं ठेवलं होतं. राज्यात बसून कोणीतरी नकाशावर बोट ठेवतं आणि..." ते थांबले. "खरं सांगू? कोणीतरी असतं तर चाललं असतं. तिचं बोट होतं. मी शिकवलेलं बोट. लोक मला रस्त्यात थांबवून सांगतात, दादा, बहीण काय पुढे गेली हो! मी हसतो. घरी येऊन आरशात बघितलं की ते हसू तसंच चिकटलेलं असतं. मी जळतो, मॅडम. स्वतःच्या बहिणीवर. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय?" बाई म्हणाल्या.

निलंबनाचं विचारतील, पोलिसांचं विचारतील, असं मला वाटलं. दादांनी विचारलं, "समारंभ रद्दच झाला ना पण?"

दार उघडून धाकटी आत आली. डोळे लाल, पण साडीची घडी जागच्या जागी.

"दादा, तूच केलंस ना?" साहेबबिहेब सगळं ती विसरली होती. "माझा पहिला फलक. तुला एवढंही बघवलं नाही?"

दादांनी मान खाली घातली.

"समारंभ रद्द नाही," चौकशीबाई शांतपणे म्हणाल्या. "नवीन कापड दुपारीच लागेल. संध्याकाळी तुमच्या बहीणबाई त्या फलकाखाली उभ्या राहून भाषण करतील."

दादा खुर्ची मागे पाडून उठले. "नको! वाऱ्याचा इशारा आहे आज. तिथे कोणी उभं राहायचं नाही!"

"राज्याचा सांगाडा आहे तो," धाकटी म्हणाली. "तुमच्या बांबूंसारखा नाही."

दादा खिडकीशी जाऊन बाहेरचा वारा बघू लागले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

५

दुपारी बाईंनी मला चष्मेवाल्याचा जबाब पुन्हा घ्यायला पाठवलं. तो पुन्हा तेच बोलला, फक्त जास्त वेळ. बाहेर आलो तर राज्याची माणसं फलकाच्या पायांशी बसून काहीतरी खटपट करत होती. रंग देत असतील म्हणून मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष वर होतं. नवं कापड लागलं होतं, अखंड, आणि वारा भरून ते पुढे फुगत होतं. सांगाडा कुरकुरत होता.

आणि तिथे, भर रस्त्यात, माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी धावत बाईंच्या गाडीकडे गेलो. "मॅडम! ते फाडलेलं नव्हतंच! त्या वाऱ्याच्या खिडक्या होत्या! मागे वादळात एक फलक कोसळला, तेव्हापासून आमच्या पालिकेचा नियम आहे. मोठ्या कापडाला मोकळ्या जागी अर्धगोल काप द्यायचे, तुकडा वरून लटकता ठेवायचा. वारा आरपार जातो, सांगाड्यावर जोर येत नाही. तुमच्या राज्याच्या नियमात जाहिरातीला एक भोकही चालत नाही, म्हणून तुमच्या माणसांना तो फाडलेला दिसला!"

इतकी वर्षं वाट पाहिलेला तो क्षण होता. मी छाती फुगवून उभा राहिलो.

"हो," बाई म्हणाल्या. "पालिकेच्या लोकांच्या डोळ्यांना ते इतक्या उशिरा दिसावं, याचंच मला नवल वाटत होतं."

मला ती गाडी पडद्यांसकट ढकलून द्यावीशी वाटली.

"म्हणजे ज्याने कापलं त्याला फलक पाडायचा नव्हता, वाचवायचा होता," त्या पुढे म्हणाल्या. "राज्याचा नवाकोरा सांगाडा पडेल, अशी भीती त्याला का वाटावी?"

मी मागे वळून पाहिलं. फलकाखाली धाकटी माइक हातात घेत होती.

६

माणसं बरीच जमली होती. चष्मेवाला बायकोसह आला होता, चढ्या त्या यंत्राकडे जळफळत बघत होता. वारा वाढला. धाकटीने बोलायला सुरुवात केली, "राज्याच्या अधिकारात आलेला हा पहिला..."

"बाजूला हो!"

गर्दी चिरत दादा आले. अंगातला शर्ट घामाने भिजलेला. "धाकटे, बाजूला हो आधी! मग काय ते बोल!"

तिने माइक खाली केला, पण हलली नाही. "निरीक्षक साहेब, हा भाग तुमच्या हद्दीत येत नाही. आता तरी नीट बघून घ्या."

वरून कापडाचा मोठा फटकारा आला, सांगाडा कण्हला. दादांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वर. मग ते शिडीकडे पळाले. या वयात माणूस शिडी चढतो तसे ते चढले नाहीत, पोरासारखे चढले. कोणी ओरडलं, कोणी पोलिसाला हाक मारली. दादा वरच्या पट्टीवर पोचले, खिशातून घरची भाजी चिरायची सुरी काढली आणि सगळ्या गावादेखत राज्याच्या आकाशात पहिला अर्धगोल कापला. मग दुसरा. मग तिसरा. वारा आरपार गेला आणि सांगाडा गप्प झाला.

"पायांना नट नाहीत!" वरून ते ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी काढलेत! नाल्यात टाकलेत! पळ तिथून, बाळा!"

पुढच्या रांगा भराभर मागे सरकल्या. चौकशीबाई मात्र चालत चालत फलकापाशी गेल्या आणि एक पिवळी टोपी उचलली. आत नवा नट होता, घट्ट आवळलेला. दुसऱ्या टोपीखालीही. त्यांनी वर पाहून हाताने दादांना दाखवलं.

"सकाळी या टोप्या रिकाम्या होत्या," त्या मला म्हणाल्या. "दुपारी आमच्या भांडारातून नट आणून बसवले. तुम्ही चष्मेवाल्याकडे होतात तेव्हा."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्यांचा डबा खाता."

मग त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. ज्याने आकाश कापलं त्याला नट नाहीत हे ठाऊक होतं, म्हणजे ते त्यानेच काढले होते, आणि नट काढणाऱ्याला फलक नको होता. असे तिघे होते. चष्मेवाल्याला खिडक्या कशा कापतात हे माहीत नाही, आणि तो जे जे कापायला निघाला असता ते सगळं शाबूत होतं. चढ्याला माहीत होतं, पण खाली उभं राहणाऱ्यातलं त्याचं कोणीच नव्हतं. पडला असता फलक, तर तो लांबून बघत बसला असता. "मी विचार केला, या फलकावर जळणारं कोण, हे शोधून उपयोग नाही. इथे सगळेच जळतात. खाली उभ्या राहणाऱ्या माणसासाठी जीव कोणाचा तुटतो, ते बघायचं. सगळ्यांनी आपापलं रडगाणं गायलं. समारंभ रद्द झाला का, हे फक्त दादांनी विचारलं. पण पुरावा नव्हता. तो त्यांना स्वतःलाच द्यायला लावायचा होता."

दादा खाली उतरून ओट्यावर बसले होते. रस्त्यावर कोणी नसताना रात्री फलक एकटाच कोसळेल, राज्याचं हसं होईल, एवढाच त्यांचा हिशेब होता. मग धाकटीने फोन करून सांगितलं, दादा, उद्या मी त्याच्याखाली उभी राहणार आहे, येशील का? तोवर नट नाल्यात गेले होते आणि तसले नट गावात नव्हते. कोणाला सांगायचं तर आपली करणी सांगावी लागणार. म्हणून पहाटे जाऊन त्यांनी आपल्याला येत होतं तेवढं केलं.

धाकटी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"नट काढलेस ते माझ्यावरच्या रागाने?"

"हो."

"एवढा?"

"एवढा," दादा म्हणाले. "तुझी सही बघितली की वाटायचं, माझं सगळं पुसलं गेलं."

तिने डोळे पुसले आणि सरकारी आवाजात म्हणाली, "तक्रार मला करावी लागेल. माझ्याच हद्दीतला गुन्हा आहे. दोन्ही गुन्हे."

"कर. सोडू नकोस."

"पंचनाम्याला माप लागतं." तिने पिशवीतून टेप काढली. जुनी होती, कापडी, कडा विरलेली. मी ती ओळखली. ओट्याच्या एका कोपऱ्याशी ती उकिडवी बसली, आणि टेपचं दुसरं टोक तिने न बघताच पुढे केलं. धरायला राज्याची तीन माणसं धावली. ते तिने त्यांना दिलं नाही.

दादा उठले. टोक हातात घेऊन दुसऱ्या कोपऱ्याशी गेले, आपल्याच गुन्ह्याचं माप द्यायला.

"ताणून धर गं," ते म्हणाले. "ढिली नको."

"धरलीय, दादा," ती म्हणाली आणि हुंदका तिला आवरला नाही. टेप मात्र दोघांनीही ढिली सोडली नाही.

पालिकेच्या उरलेल्या पाट्यांचं काय होणार, ते कोर्ट ठरवील. दादांची नोकरी जाणार, हे तिथल्या तिथे ठरलं. चौकशीबाईंच्या अहवालाखाली माझीही सही आहे, त्यांच्या सहीच्या खाली आणि जरा लहान. पण खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला बाईंच्या हुशारीचा हेवा वाटला नाही, त्यांच्या गाडीचाही नाही. बेड्या पडायच्या बेतात असलेल्या त्या माणसाचा वाटला. माझ्या टेपचं दुसरं टोक आजवर मी खिळ्यालाच अडकवत आलोय.